घाटात पिकअप दमते तेव्हा : टर्बो समजून घेणं, तपासणं आणि वाढवणं

आमची गाडी इंदूरच्या चोइथराम मंडीतून बटाटा-लसूण भरून बऱ्हाणपूरला जाते आणि परतताना केळी आणते. जाताना भेरूघाट उताराचा, त्यामुळे इंजिनाला काही जाणवत नाही. परतीला चोरल मागे पडलं की चढ लागतो, पाठीवर केळ्यांचं वजन असतं, आणि मे महिन्यात भर दुपारी गाडीत किती जीव आहे ते तिथे उघडं पडतं. तीन वर्षांपूर्वी आमची अडीच लिटरची पिकअप त्याच चढावर रडायला लागली. जिथे ती तिसऱ्या गिअरमध्ये जायची तिथे दुसरा टाकावा लागू लागला आणि आरशात काळ्या धुराशिवाय काही दिसेना. एका गॅरेजमध्ये सांगितलं, टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) गेलाय, आता मोठाच टाका म्हणजे पुन्हा बघायला नको. मी टाकला. चार महिन्यांत तो नवा टर्बोही तेल ओकू लागला.

शेवटी गाडी ट्रान्सपोर्ट नगरातल्या एका जुन्या उस्तादांकडे नेली. पाना हातात घेण्याआधी त्यांनी इंटरकूलरचा, म्हणजे टर्बोची तापलेली हवा गार करणाऱ्या जाळीचा, खालचा रबरी होज पिळून दाखवला. क्लिपच्या कडेला, जमिनीकडच्या बाजूला, बोटभर चीर होती. गाडी उभी असताना ती मिटलेली राहायची, दाब आला की ओठांसारखी उघडायची. मग त्यांनी टर्बोला तेल देणारा बारीक पाइप काढून माझ्या हातात दिला आणि फुंकर मारायला सांगितली. हवा जेमतेम गेली. आत कार्बन जमून भोक अर्धं बुजलं होतं. ‘भिया, इसमें टर्बो का क्या कसूर?’ एवढंच ते म्हणाले. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं झालं होतं. जुना टर्बो मी भंगारात देऊन बसलो होतो आणि तो बहुतेक धडधाकट होता.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे : टर्बो ही सगळ्यात शेवटी बदलायची वस्तू आहे. त्याआधी हवा कुठे गळते, कुठे तापते आणि तेल पोचतंय का, हे बघायचं. खाली जे लिहिलंय ते याच क्रमाने आहे.

आत चालतं काय

डिझेल जळून जी ऊर्जा निघते तिचा साधारण तिसरा हिस्सा सायलेंसरवाटे गरम धूर म्हणून वाया जातो. हा धूर वापरून इंजिनात जास्त हवा कोंबायची, या कल्पनेचं पेटंट स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूशी या इंजिनिअरने १९०५ साली घेतलं. रचना आजही तीच आहे. एका दांड्याच्या दोन टोकांना दोन पंखे. एका पंख्यावर धूर आदळतो, त्यामुळे दुसरा फिरतो आणि फिल्टरमधून हवा ओढून इंजिनाकडे ढकलतो. इंजिन मिनिटाला ३,२०० फेरे घेत असतं तेव्हा हा दांडा एक ते दोन लाख फेरे घेत असतो. इतक्या वेगात कुठलंही साधं बेअरिंग टिकणार नाही, म्हणून पिकअपच्या बहुतेक टर्बोंमध्ये दांडा तेलाच्या पापुद्र्यावर तरंगत फिरतो. तेल दोन-चार सेकंद जरी कमी पडलं तरी धातूला धातू लागतो.

दाब हाताबाहेर जाऊ नये म्हणून दोन पद्धती आहेत. जुन्या आणि साध्या पिकअपमध्ये वेस्टगेट असतो, म्हणजे एक झडप जी ठरावीक दाबानंतर उघडते आणि जादा धूर पंख्याला वगळून बाहेर सोडते. दुसरी पद्धत व्हीजीटीची (व्हेरिएबल जिओमेट्री टर्बो). तिच्यात धुराच्या पंख्याभोवती हलणाऱ्या पात्या असतात. इंजिन हळू फिरत असताना पात्या मिटून धुराचा झोत तेज करतात, त्यामुळे खालच्या फेऱ्यांतही ओढ मिळते. या पात्यांवर काजळी बसली की त्या अडकतात, आणि मग गाडी एकाएकी मरगळते किंवा डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागतो. पुष्कळदा टर्बो उतरवून पात्यांचा भाग साफ केला की काम भागतं.

ही विद्या आपल्यापासून लांबची नाही. इंदूरपासून पस्तीस-चाळीस किलोमीटरवर देवासला ट्रकांचे होल्सेट नावाचे टर्बो बनतात.

आधी कागदावर हिशोब

ही पायरी कोणी करत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त शिकवणारी हीच आहे. शाळेतलं गणित पुरतं.

चार स्ट्रोकचं इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा आपल्या आकाराइतकी हवा घेतं. अडीच लिटरचं इंजिन ३,२०० फेऱ्यांवर मिनिटाला ४,००० लिटर हवा घेऊ शकतं. सिलिंडर पूर्ण भरत नाहीत, म्हणून ३,६०० धरू. आता इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंच, त्यामुळे इथे हवेचा मूळ दाबच ०.९५ बारच्या आसपास असतो. बूस्ट म्हणजे बाहेरच्या दाबावर टर्बोने घातलेली भर. मीटर १ बार बूस्ट दाखवतो तेव्हा आतला खरा दाब १.९५ बार असतो.

हवा दाबली की ती तापते. सायकलच्या पंपाचा बुडखा हाताला चटका देतो, तेच कारण. बाहेर ४२ अंश असताना १ बार बूस्टची हवा टर्बोतून निघते ती जवळजवळ १५० अंशांवर. तापलेली हवा फुगते, म्हणजे दाब दिसतो तेवढाच पण आत प्राणवायू कमी. चांगला इंटरकूलर ही हवा ७५ अंशांपर्यंत खाली आणतो. अशा वेळी इंजिनाला मिनिटाला सुमारे ७ किलो हवा मिळते. इंटरकूलर निकामी असेल तर तेवढ्याच दाबाला जेमतेम ५ किलो ८०० ग्रॅम. टर्बो तोच, मीटरचा काटा तिथेच, आणि हवेत वीस टक्क्यांचा फरक.

डिझेल धुराशिवाय जळायचं तर १ किलो डिझेलला १८ ते २० किलो हवा लागते. त्यापेक्षा हवा कमी पडली की काळा धूर. म्हणून काळा धूर दिसला की मी डिझेलच्या आधी हवेवर संशय घेतो. आमच्या उस्तादांचंही तेच म्हणणं : पहले हवा देखो, फिर डीजल.

घरच्या घरी तपासणी

गाडी पूर्ण गार असताना सुरुवात करा. एअर फिल्टर काढून उजेडासमोर धरा. मंडीत चालणाऱ्या गाडीचा फिल्टर पुस्तकात लिहिलेल्या किलोमीटरच्या कितीतरी आधी भरतो. कांदा-लसणाची टरफलं आणि धूळ त्यात चिकटून बसते. कॉम्प्रेसरने फुंकून तोच फिल्टर वर्षभर चालवायची सवय सोडा. जोराच्या हवेने कागदाला बारीक छिद्रं पडतात आणि मग धूळ सरळ पंख्यावर जाते. पंख्याच्या पात्यांच्या कडा सँडपेपरने घासल्यासारख्या झिजलेल्या दिसल्या तर कारण हेच.

फिल्टरनंतरचा पाइप काढला की टर्बोचा हवेचा पंखा दिसतो. दांड्याचं टोक दोन बोटांत धरा. आडवं हलवल्यावर किंचित खेळ जाणवेल. तो तेलाच्या जागेचा असतो, त्याला घाबरू नका. पंखा बाजूच्या घरट्याला टेकत नाही ना, एवढं बघा. आता दांडा आत-बाहेर ओढा. इथे हाताला खेळ जाणवला तर टर्बोचं बेअरिंग गेलं. पंखा बोटाने फिरवा, तो न अडता फिरायला हवा. पाइपमध्ये तेलाचा हलका ओलसरपणा असणं नेहमीचं आहे, कारण इंजिनाच्या ब्रीदरची, म्हणजे इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीची, वाफ तिथेच येते. तेलाचं थारोळं असेल तर मात्र पुढे चौकशी करायची.

मग होज. प्रत्येक होज हाताने पिळा, वाकवा, क्लिप सैल करून क्लिपखालची जागा बघा. चीर तिथेच लपते. गळतीची खात्री करायची तर गॅरेजात टर्बोच्या हवेच्या तोंडावर जुळणारं झाकण लावून त्यातून अर्धा ते एक बार दाबाने हवा भरतात आणि सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी मारतात. फुगे आले की सापडलं. इंटरकूलरच्या प्लॅस्टिकच्या कडा आणि कोपरे विसरू नका. इंटरकूलर बाहेरून चिखल-किड्यांनी भरला असेल तर मागच्या बाजूने हलक्या पाण्याने धुवा. प्रेशरने मारलं तर पातळ पंख मिटतात.

धूर वाचायला शिका. काळा म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. निळसर म्हणजे तेल जळतंय. पांढरा आणि न विरणारा असेल तर न जळलेलं डिझेल किंवा कूलंट. आणि कान उघडे ठेवा. लोडवर बारीक शीळ नेहमीची, पण रुग्णवाहिकेसारखा चढता आवाज आला तर पंखा घासतोय किंवा हवा निसटतेय.

तेल : इथे घाई नको

टर्बो बहुतेक वेळा तेलाने मरतात, आणि दोष टर्बोच्या बाहेर असतो. येणारा पाइप बारीक असतो आणि गरम भागाजवळून जातो, त्यामुळे आत तेल जळून कार्बन बनतो. तो धुऊन साफ करण्यापेक्षा नवा घेणं स्वस्त पडतं. परत जाणारा पाइप जाड असतो, कारण त्यातून तेल दाबाने जात नाही, नुसतं ओघळतं. तो शक्य तितका सरळ खाली जायला हवा. त्याला वाक आला, आत गॅसकेटचा चिकटा अडकला किंवा इंजिनात तेल खुणेच्या वर भरलं तर तेल टर्बोतच साचतं आणि सीलमधून बाहेर येतं.

याहून लपलेलं कारण ब्रीदर. ब्रीदर चोंदला किंवा पिस्टनच्या रिंगा झिजल्या की इंजिनाच्या पोटात दाब वाढतो आणि टर्बोचं तेल खाली उतरेनासं होतं. मग टर्बो तेल टाकतो, लोक टर्बो बदलतात, आणि नवाही तेल टाकतो. इंजिन चालू असताना तेलाचं झाकण उघडून बघा. त्यातून धूर झोताने येत असेल तर आधी इंजिनाची कॉम्प्रेशन चाचणी करून घ्या.

एक धोक्याची गोष्ट इथेच सांगतो. टर्बोचं सील फुटून इंटरकूलरमध्ये तेल साचलं तर डिझेल इंजिन ते तेल जाळून आपोआप पळत सुटू शकतं, चावी बंद केली तरी थांबत नाही. गाडी मोठ्या गिअरमध्ये टाकून ब्रेकवर क्लच सोडायचा आणि इंजिन बंद पाडायचं, किंवा हवेचं तोंड लाकडी फळीने झाकायचं. हात लावायचा नाही. त्या ओढीत बोटं जातात. ज्याच्या गाडीत टर्बो फुटला आहे त्याने इंटरकूलर उतरवून रिकामा केल्याशिवाय इंजिन सुरू करू नये.

वाढवायचं असेल तर

वरचं सगळं दुरुस्त करून आठवडाभर लोडवर गाडी चालवा. माझा अनुभव असा की अर्ध्याहून जास्त लोकांची तक्रार इथेच संपेल.

तरी वाढवायचंच असेल तर पहिला खर्च दोन मीटरांवर करा. एक बूस्टचा, दुसरा धुराच्या तापमानाचा. तापमानाचा सेन्सर टर्बोच्या आधी, सिलिंडरांचा धूर गोळा करणाऱ्या मॅनिफोल्डवर बसवायचा. त्यासाठी भोक पाडताना मॅनिफोल्ड उतरवलाच पाहिजे, नाहीतर लोखंडाचा कीस पंख्यात जाऊन सगळं संपतं. सततच्या चढावर तापमान ७०० अंशांच्या खाली राहिलं पाहिजे. त्याच्या वर पिस्टन आणि टर्बो दोघांचं आयुष्य झपाट्याने कमी होतं. काटा ७०० कडे सरकू लागला की खालचा गिअर टाका आणि पाय हलका करा. हे मीटर बसल्यावर आमच्या ड्रायव्हरची चालवण्याची रीतच बदलली.

दुसरा खर्च इंटरकूलर. आपल्या हवामानात याच्याइतका सरळ फायदा कशातच नाही, हे वरच्या हिशोबात दिसलंच. जाडीपेक्षा समोरचं क्षेत्रफळ वाढवा, आणि रेडिएटरची हवा अडणार नाही याची खात्री करा. रबरी होजऐवजी जाड सिलिकॉनचे होज आणि रुंद पट्टीच्या क्लिपा त्याच वेळी घालून घ्या.

टर्बो त्यानंतर. इथे मोठा म्हणजे चांगला, हा गैरसमज सगळ्यात महाग पडतो. मोठ्या पंख्याला फिरायला जास्त धूर लागतो. मालवाहू पिकअपला ओढ हवी असते १,४०० ते २,२०० फेऱ्यांत, आणि मोठा टर्बो जागाच होतो २,००० च्या पुढे. मी घातलेल्या मोठ्या टर्बोने मला हेच दिलं : रिकामी गाडी बायपासवर मस्त पळायची, भरलेली गाडी घाटात आणखी मरायची. प्रत्येक टर्बोचा कंपनीने काढलेला नकाशा असतो. एका बाजूला हवेचं वजन, दुसऱ्या बाजूला दाबाचं गुणोत्तर. आपल्या हिशोबात हवा मिनिटाला ७ किलो आणि गुणोत्तर (१.९५ भागिले ०.९५) २ च्या थोडं वर आलं. हा बिंदू नकाशाच्या मधल्या, जास्त कार्यक्षमतेच्या बेटात पडला पाहिजे. डाव्या कडेला पडला तर हवा उलटी धडका मारते आणि दांड्याचं बेअरिंग खाते. उजव्या कडेला पडला तर पंखा नुसता तापवतो. विकणारा हा नकाशा दाखवू शकत नसेल तर त्याच्याकडून घेऊ नका. मूळ मापाचा, पण सुधारित पंख्याचा टर्बो बहुतेक मालवाहू गाड्यांना पुरतो.

नुसती कार्ट्रिज (दांडा, पंखे आणि बेअरिंगचा मधला भाग) बदलून टर्बो दुरुस्त करून देणारे खूप आहेत, आणि ते काम नीट झालं तर चांगलंच टिकतं. अट एक : जोडलेली कार्ट्रिज मशीनवर वेगात फिरवून बॅलन्स केलेली हवी. त्याची छापील पट्टी मागा.

वेस्टगेटची दांडी डोळ्याने दोन आटे आवळून बूस्ट वाढवायचा प्रकार सर्रास चालतो. तो करू नका. हातपंप आणि गेज लावून झडप किती दाबाला उघडते हे मोजूनच दांडी लावायची. डिझेल वाढवणं सगळ्यात शेवटी. जुन्या पंपाच्या गाडीत ते पंपवाल्याच्या टेबलावर व्हावं, कॉमन रेलमध्ये, म्हणजे संगणकाच्या हुकमाने डिझेल सोडणाऱ्या इंजिनात, जाणकाराकडून प्रोग्रामिंग करून. क्लचची पकड आणि रेडिएटरची ताकद त्याआधी बघून घ्या.

बीएस ६ गाड्या, म्हणजे धुराच्या कडक नियमांच्या, एप्रिल २०२० नंतर विकल्या गेलेल्या, यात आणू नका. त्यांचा टर्बो, सेन्सर आणि धुराचा फिल्टर एकमेकांच्या हिशोबाने चालतात. तिथे मूळ भागाला मूळ भाग, एवढंच. धुराचा फिल्टर काढून टाकणं तर बेकायदाच आहे. आणि गाडी कोणत्याही सालची असो, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की गाडीच्या नोंदीशी न जुळणारा फेरबदल मालकाने करायचा नाही. बेकायदा फेरबदलाला कलम १८२अ खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. अपघात झाला तर विमा कंपनी हेच बोट दाखवते. बदल करण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी दोघांना लेखी विचारा.

बसवताना

इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर आणि तेलाचा येणारा पाइप, तिन्ही नवे. जुना टर्बो फुटला असेल तर हवेचा प्रत्येक पाइप आणि इंटरकूलर उतरवून धुवा. पंख्याचा एखादा तुकडा आत राहिला तर तो इंजिनात जातो. तेलाच्या जोडांवर सिलिकॉनची पेस्ट अजिबात नको, तिचे तुकडे सुटून भोक बुजवतात. गॅसकेटच वापरा. टर्बोच्या तेलाच्या भोकात स्वच्छ इंजिन ऑइल ओता आणि पंखा हाताने फिरवत राहा, म्हणजे बेअरिंग ओलं होईल. मग इंजिन पेटू न देता दहा-पंधरा सेकंदांचे दोन-तीन सेल्फ मारा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. सुरू केल्यावर पाच मिनिटं नुसतं हळू चालू द्या आणि प्रत्येक जोडावर बॅटरी मारून बघा. पात्या किंवा झडप हलवणारा इलेक्ट्रॉनिक अॅक्च्युएटर असेल तर स्कॅनर लावून त्याचं शिक्षण (कुठून कुठवर हलायचं ते जुळवणं) पूर्ण करून घ्या, नाहीतर नवा टर्बोही जुन्यासारखाच वागेल.

पहिले ५०० किलोमीटर झाले की क्लिपा आणि मॅनिफोल्डचे नट पुन्हा आवळा. गरम-गार होऊन ते सैल पडतात.

आमची पिकअप आता मूळ मापाचा टर्बो, मोठा इंटरकूलर आणि सिलिकॉनच्या होजवर चालते. घाटात तिसऱ्यात चढते, बूस्ट १ बार, तापमान सहाशेच्या आसपास. चढ संपला की सिमरोलला चहाला थांबायची आमच्या ड्रायव्हरची जुनी सवय आहे. त्याला एकच सांगून ठेवलंय : थांब, पण चावी फिरवायच्या आधी दोन मिनिटं इंजिन हळू चालू ठेव. त्या दोन मिनिटांत तापलेल्या दांड्यावरून तेल वाहत राहतं आणि तिथे कार्बन जमत नाही.